झोपलेल्या कम्प्युटरचं बटण

मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नव्हे. तसली बटणं या घरात डबे भरभरून आहेत, कारण इथली आई कपडे शिवायची. मी तिच्या कम्प्युटरचं चालू-बंद करायचं बटण. मित्रांनो, मला स्वतःची अक्कल नाही. मला दाबल्यावर काय करायचं ते आतली लिनक्स नावाची प्रणाली ठरवते आणि तिला माणूस सांगतो.

पूर्वी मला दाबलं की कम्प्युटर सरळ बंद व्हायचा. आईचं अर्धवट लिहिलेलं काम जायचं आणि ती माझ्यावरच डाफरायची. म्हणून परगावी जाण्याआधी लेकीने सेटिंग बदललं.

"आई, आता हे दाबलंस की तो फक्त झोपेल. उघडलेलं सगळं तसंच राहील. पुन्हा दाब, लगेच उठेल."

"म्हणजे तुझ्यापेक्षा बराच म्हणायचा. तू दहा हाका मारल्या तरी उठायची नाहीस!"

तेव्हापासून माझे दिवस पालटले. दुपारी शिलाई मशीनवरून उठून आई मला हळूच दाबायची. सेव्ह करणं ती शिकलीच नाही, कारण तशी गरजच पडली नाही. लेकीला दिवस गेले, तेव्हा आई स्वतः रचलेली अंगाई लिहू लागली. एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत. पहिली ओळ तिने लेकीला फोनवर गुणगुणून दाखवली. "बाकीची बाळाला मांडीवर घेऊन," म्हणाली.

एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. बाबांचा हात धरून दाराकडे जाताना ती मागे वळली. "अहो, तो बंद नाहीये, झोपलाय. राहू दे तसाच."

बाबांचं कुठे लक्ष होतं! पण बाहेर पडताना सगळे स्विच बंद करायचे, ही त्यांची जन्माची सवय. ज्या हाताने पंखा बंद केला, त्याच हाताने आमचाही स्विच. माझ्या शेजारचा लुकलुकणारा दिवा विझला. झोपेतही कम्प्युटरला थोडीशी वीज लागते. ती गेली आणि तिच्याबरोबर अंगाईही गेली.

आई परत आली नाही.

लेक आली. तिने स्विच लावून मला दाबलं. कम्प्युटर जागा झाला नाही, कोरा करकरीत नव्याने सुरू झाला. तिने कोपरा न् कोपरा शोधला. बाबा दारात उभे होते.

"घाईत स्विच बंद झाला गं माझ्याकडून. काही गेलं का?"

"नाही बाबा," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "आईने अंगाई लिहायला घेतलीच नव्हती."

बाबांनी मान हलवली. रोज दुपारची ती टकटक शेजारच्या खोलीत बसून त्यांनीच ऐकली होती. मला तेव्हा धाय मोकलून रडायचं होतं, पण बटणाला तेवढंही जमत नाही.

मित्रांनो, शांत पडलेलं सगळंच संपलेलं नसतं. हात लावण्याआधी विचारत जा. आणि जिवाभावाचं काही असेल, तर ते माझ्या भरवशावर सोडू नका, वेळच्या वेळी जपून ठेवा.

आता बाळ आलं आहे. लेक त्याला मांडीवर घेऊन एकच ओळ म्हणते. संपली की पुन्हा तीच. बाबा अजूनही बाहेर पडताना सगळे स्विच बंद करतात. फक्त आमच्या स्विचवर त्यांनी चिकटपट्टी लावली आहे. तो चालूच असतो.