चकतीखालची तारीख

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि कारण होता तांदळाच्या दाण्याएवढा एक चपटा किडा. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडवणारी बाई ती, केसभर फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. आठ दिवस कामासाठी परगावी जाऊन आली, तर खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या तिच्या निळ्या प्रवाळावर फिकट गोल डाग. नखाएवढा तुकडा अकरा वर्षं जपून तिने ओंजळीएवढा वाढवला होता. पिचकारीने पाण्याचा झोत मारताच किडे सुटून तरंगले. प्रवाळाच्याच रंगाचे, त्यालाच खाऊन माजलेले.

आणि मागच्या कोपऱ्यात प्रवाळाचा एक तपकिरी पडलेला तुकडा होता, तिने न ठेवलेला.

घराची किल्ली धाकट्या भावाकडे होती. लहानपणापासून ती त्याला घाईबुवा म्हणायची. माशांना चिमूटभर खाणं घाल, एवढंच सांगितलं होतं, तर या शहाण्याने आपल्या घरच्या टाकीतला तुकडा आणून थेट तिच्या टाकीत सोडला. नवा तुकडा सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा आणि दर आठवड्याला औषधात बुडवायचा, असा नियम तिने भिंतीवर लावला होता. औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचं. पण वाचतो कोण?

फोनवर तिने त्याची बिनपाण्याने केली. तुला स्वतःचं काही सांभाळता येत नाही, दुसऱ्याचं तरी सोड, असंही सुनावलं. तो फक्त येतो म्हणाला.

तो येईपर्यंत तिने निळं प्रवाळ औषधाच्या बादलीत बुडवलं. मग त्याचे पराक्रम त्यालाच दाखवायला तो तपकिरी तुकडा बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. बुडाशी अंड्यांचा पुंजका होता. तुकडा बसवलेली सिमेंटची चकती तिने उलटी केली. खाली सुईने कोरलेली तारीख होती. अक्षर तिचं होतं, चकतीही तिनेच ओतलेली.

"तूच दिला होतास, नव्या घरात राहायला गेलो तेव्हा," भाऊ दारातून म्हणाला. "माझं बाकीचं सगळं मेलं, ताई. पाणी बदललं, दिवे बदलले, मरणं थांबेचना. हा एकच उरला. म्हटलं, तुझ्याकडे तरी जगेल."

ती तारीख तुकडा विकत आणला त्या दिवसाची. भाऊ त्यानंतर चारच दिवसांनी नव्या घरात गेला होता. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने तुकडा एकदाच औषधात बुडवून त्याच्या हातात ठेवला होता. सहा आठवडे तिने चार दिवसांत उरकले होते. स्वतःच्याच मुस्काटात मारावी, असं तिला वाटलं.

भावाने बाह्या सरसावल्या आणि काय करू विचारलं.

"आधी ऐक," ती म्हणाली. "तुझ्याकडे किडे माझ्याकडूनच आले. अंडी मी बघितलीच नाहीत."

तो स्टुलावर बसला. त्याने चकती हातात फिरवली.

"परवा टाकी विकली मी," तो म्हणाला. "माझ्या हातालाच गुण नाही, असं सगळे म्हणत होते. सगळ्यांत मोठ्याने तू."

त्याच्या आवाजातला राग ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि त्यातला एकही शब्द तिला खोडता येत नव्हता.