शेगडीवर वाळवलेला वायसर

मी एक जुने पोलादी पिंप आहे, मित्रांनो. माझ्या पोटात बिअर असते म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझे बालपण सरबतात गेले. नॉर्वेतल्या एका उपाहारगृहात मी वर्षानुवर्षे संत्र्याचा अर्क सांभाळला. पुढे अर्क कागदी खोक्यांतून येऊ लागला आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला हाल्वरने उचलले.

हाल्वर दरीतल्या आपल्या घरी बिअर बनवायचा. तळघरातल्या जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून त्याने तोटी बसवली. शेजारी बिअरला फेस आणणाऱ्या गॅसचा सिलिंडर उभा केला, त्यावर दाब दाखवणाऱ्या काट्याचा रेग्युलेटर चढवला आणि दोन नळ्या माझ्या डोक्याला जोडल्या. एकीतून गॅस आत यायचा, दुसरीतून बिअर बाहेर. माझ्या झाकणाच्या रबरी वायसरला तो बोटाने वंगण चोळायचा, आणि ते इतक्या मायेने, की त्याची बायको सिगने जिन्यावरून ओरडायची, "मला नाही कधी एवढं कुरवाळलंस!"

"तू गळत नाहीस ना गं!"

मग हाल्वरला अर्धांगाचा झटका आला. त्याला गावच्या शुश्रूषागृहात नेले. मी दोन वर्षे कोरडा पडून होतो. जिन्यावर पाऊल वाजले की वाटायचे, आला! पण सिगने बटाटे घेऊन परत जायची.

यंदा शुश्रूषागृहाने कळवले, की नाताळच्या आदल्या दिवशी हाल्वरला तीन तास घरी नेता येईल. सिगनेने त्याच क्षणी ठरवले: त्या तीन तासांत त्याला त्याच्याच तोटीची फेसाळ बिअर पाजायची. त्याच्या वहीत बघून तिने बिअर बनवली. मला घासून लख्ख केले. आता या दरीत जे ओले ते शेगडीवर जाते, मोजे काय, टोप्या काय. सिगनेने माझा वायसरही हातमोज्यांशेजारी वाळत घातला. वहीत बिअरची सगळी कृती होती, वायसरबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. जे बोटांना ठाऊक असते, ते कोण लिहून ठेवतो?

तिने मला भरले, फ्रिजमध्ये ठेवले, गॅस सोडला. काटा चढलेला पाहून बिचारीने टाळ्या वाजवल्या. इकडे मी झाकणाच्या कडेने "स्स्स, स्स्स" करून जीव तोडून सांगत होतो. पण ती वर रेडिओ लावून नाताळची सात तऱ्हेची बिस्किटे भाजत होती.

हाल्वर यायच्या आदल्या दिवशी ती खाली आली, तर काटा शून्यावर, सगळा गॅस गळून गेलेला. तिने शेजारच्या ओड्नीला हाक मारली. ओड्नीने झाकण उघडले आणि वायसर दाबून पाहिला. तो कडकन तुटला.

"अगं, हा वायसर आहे की आठवं बिस्कीट? शेगडीवर वाळवलास?"

"ओला होता. वाळवला."

"नवरा भिजून आला असता तर त्यालाही तिथंच टांगलं असतंस!"

सिगने हसली नाही. गॅस आणि वायसर विकणाऱ्याने नाताळ होईपर्यंत दुकान बंद ठेवले होते. "तीनच तास आहेत गं," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकांच्या खुर्चीतून हाल्वरला तळघरात उतरवले. आजारानंतर त्याच्या तोंडी एकच शब्द उरला होता, तो म्हणजे 'हो'. सिगनेने झाकण काढले आणि सूप वाढायच्या डावाने ग्लास भरला. फेसाचा पत्ता नव्हता.

हाल्वरने घोट घेतला.

"अगदी मिळमिळीत झालीय ना?"

"हो!" तो खो खो हसला. बिअर हनुवटीवरून ओघळली.

"मेल्या, आणखी हवी?"

"हो, हो."

मग त्याने चांगला हात पुढे करून माझ्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवले, हळूहळू, पूर्ण गोल. सिगने बघत राहिली. तिला आत्ता कळले.

"वंगण लावायचं होतं होय रे? पुढच्या नाताळला शेजारी बसून दाखवशील ना मला?"

हाल्वरने तिच्याकडे पाहिले. या वेळी तो हो म्हणाला नाही.

पाच वाजता गाडी त्याला घेऊन गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या पिंपाला नवा वायसर दुकानात मिळतो, त्याची काळजी करू नका. पण तुमच्या घरात कुणाच्या बोटांत एखादे काम असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. ते बोलू शकतात तोवर विचारून घ्या.