पाना मिळेपर्यंत

"टोपली उलटी कर," भिवाजी म्हणाला.

ठकी अंगणाच्या कडेला उभी होती. इर्शाळगडाच्या पायथ्याच्या वाडीतून कोळशाची टोपली डोक्यावर घेऊन ती नेहमीसारखी सकाळी लोधिवलीला आली होती. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर गेलं होतं. हमरस्त्यावरच्या कितीतरी मोटारी पाठीला टाकी बांधून कोळशाच्या गॅसवर धावत होत्या. भिवाजीकडे गाडी दुरुस्तीला आली, की गाडीवाले जाताना ठकीचा कोळसाही भरून नेत.

"काय म्हन्लास दादा?"

"टोपली उलटी कर म्हन्लं. माजा आर्ध्या इंचाचा पाना गेलाय. सकाळपासनं या आंगनात तुज्याबिगर कोन आलं नाय."

रस्त्यानं जाणारी दोघं-चौघं थांबली. भाकरीच्या पिठाचे हात घेऊन त्याची बायको बायजा दारात आली, तोवर ठकीनं टोपली उचलून खाली ओतलीसुद्धा. काळा कोळसा शेणानं सारवलेल्या अंगणभर पसरला. ठकीनं तो पायानं विस्कटून दाखवला. पाना नव्हता.

"मी कोळसा इकते," ती म्हणाली. "लोखंड नाय इकत."

बायजा कोळसा भरू लागायला पुढं झाली, पण ठकीनं तिचा हात बाजूला केला, एकटीनं टोपली भरली आणि वाडीची वाट धरली. बघे पांगले. भिवाजी पुन्हा जांभळाखाली उभ्या असलेल्या मोटारीकडे वळला.

ते जांभळाचं झाड आणि हे अंगण हाच भिवाजीचा कारखाना होता. पनवेल-खोपोली मोटारीवर तो आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि पाठीचं दुखणं लागल्यावर घरीच दुरुस्तीला बसला. मुंबईला जाणं झालं की जुन्या बाजारातून एखादा पाना, एखादी पक्कड आणायची, अशी त्यानं हत्यारं जमवली होती. लढाई सुरू झाल्यापासून नवा पाना औषधालाही मिळत नव्हता. हत्यार गेलं म्हणजे हात गेल्यासारखंच.

पण बायजाला काळजी वेगळीच होती. पावसाळा सरल्यापासून हत्यारं हरवायला लागली होती. एकदा पेचकस पाण्याच्या हंड्यामागं सापडला. पक्कड तर त्याच्या गुडघ्यालाच टेकलेली होती आणि तो भलतीकडेच जमीन चाचपत होता. तेव्हा त्यानं तिच्यावरच आरडाओरडा केला होता, झाडताना वस्तू हलवतेस म्हणून. नंतर मात्र तिनं बघितलं होतं, की नट बसवताना तो गाडीकडे बघतच नाही. मान तिरपी करून लांब कुठंतरी बघतो आणि बोटांनीच काम करतो.

तिनं अंगण झाडलं. कोळशाची भुकटी चाळणीतून काढली. चुलीची राख, गुरांची वैरण, पाण्याची मोरी, सगळं पाहिलं. पाना नव्हता.

ऊन तापलं तसा हिरामण आला. गाडी त्याचीच. खोपोलीहून पाशिंजर घेऊन घाट चढायचा आणि पुण्याला सोडायचं, हा त्याचा धंदा.

"झाली का दादा?"

"झाली. ब्रेक नव्यावानी केलाय. घेऊन जा."

हिरामणनं टाकीतला कोळसा पेटवला, गॅस धरेपर्यंत बिडी ओढली आणि पुढं येऊन हँडल लावलं. त्या हँडलवर बायजानं हात ठेवला.

"गाडी हलवू नगा भावजी."

"का वैनी?"

"पाना गावला नाय आजून."

हिरामण हसला. "आवो, पाना कुटं पळून चाललाय? खोपोलीला लोक खोळंबलेत माजे."

"अगं, जा आत," भिवाजी करड्या आवाजात म्हणाला. "गड्यांच्या कामात बाईमानसानं पडू नये."

"जाते. पाना गावला का जाते." तिनं हात काढला नाही. "ठकीच्या टोपलीत नव्हता. आंगन मी दोनदा बघितलं, घर बघितलं. मंग ऱ्हायलं काय? ही गाडीच ऱ्हायली."

"गाडीत मी बघितलंय."

"तुमी बघितलंय," बायजा म्हणाली, आणि पुढं बोलली नाही.

जे ती बोलली नाही ते भिवाजीला ऐकू गेलं. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. हात उगारतो की काय असं हिरामणला वाटलं, आणि तो मध्ये पडणार तेवढ्यात बायजानं कासोटा घट्ट केला, पदर डोक्याला गुंडाळला आणि ती सरळ गाडीखाली शिरली.

खाली तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास होता. वंगणाचा थेंब तिच्या गालावर पडला. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. ती आपली एका टोकापासून डोळ्यांनी आणि हातांनी शोधत सरकली. पुढची चाकं झाली. पोटाखालचा भाग झाला. गाडीच्या लांब लोखंडी पट्टीवरून बोटं फिरवताना तिला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. तिथून एक सळई मागच्या चाकाकडे गेली होती, आणि त्या सळईला लागूनच पाना आडवा पडलेला होता.

तिनं तो काढला नाही.

"भावजी, खाली या. मी हात लावत नाय. तुमीच बघा."

हिरामण उताणा होऊन आत सरकला. मग त्यानं बोटानं पाना जरासा ढकलला. एखाद्या खड्ड्यात गाडी आदळावी तेवढाच तो धक्का. पाना घसरला आणि ब्रेकची सळई नि पट्टी यांच्या मधल्या फटीत चपखल बसला.

"दादा," खालून त्याचा आवाज आला, "गाडीत बसा आन ब्रेक दाबा."

भिवाजी चाचपत आत बसला. त्यानं पाय दाबला. पेडल थोडं खाली गेलं आणि अडलं. त्यानं सगळा भार टाकून पुन्हा दाबलं. ते हललं नाही.

तो तसाच बसून राहिला, पाय पेडलवर ठेवून.

हिरामणनं पाना ओढून काढला आणि भिवाजीच्या हातात दिला. मग स्वतःच्या हातानं त्यानं एकेक नट तपासला, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. आजवर भिवाजीनं झाली म्हटलं, की तो मागं वळून न बघता गाडी काढायचा. "येतो दादा," एवढंच म्हणून तो गेला.

धूळ खाली बसली. बायजानं तोंड धुतलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"कवापासनं?"

"पावसाच्या आदीपासनं." भिवाजी पान्यावर अंगठा फिरवत होता. "पैल्यांदा डावा. आता उजव्यापुढंबी धूर आल्यागत दिसतं."

"मला का नाय सांगितलं?"

"सांगून काय हुतं? रस्त्यावर कळलं आसतं, तर गाडी कोन आनली आसती हितं?" त्यानं मान खाली घातली. "तसंबी आता बंदच करायचं. आज मानसं मारली आसती मी."

"बंद नाय करायचं," बायजा म्हणाली. "पाने मी हातात देनार आन मीच परत घेनार. नट पिळला का मी बघनार. सगळी हत्यारं माज्यापाशी आल्याबिगर गाडी आंगनातनं जानार नाय."

"लोक हसतील. भिवाजीची बायको मोटार दुरुस्त करते म्हनतील."

"हसू देत की. हसन्यानं कोन दरीत पडत नाय."

भिवाजी एकदम उठला आणि खुंटीवरची टोपी चाचपू लागला.

"आता कुटं?"

"वाडीवर. चारचौघांत मी तिला चोर केलं."

"ठकीला निरोप धाडू."

"निरोपानं नाय फिटायचं हे."

चढाची वाट त्यानं न थांबता चढली; बायजा मागोमाग होती. वाडीत ठकी झोपडीपुढं लाकडं फोडत होती. तिचा नवरा चांगो, दीर, शेजारपाजारचे असे सगळे जमले. कुणी बसा म्हटलं नाही. भिवाजीनं टोपी काढून हातात घेतली.

"पाना माज्याच हातानं गाडीखाली ऱ्हायला हुता," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला डोळ्यानं दिसत नाय आता. ते लपवाया मी ठकीवर आळ घेतला. चुकलं माजं."

ठकीनं कोयता खाली ठेवला. झोपडीत जाऊन तिनं तांब्या आणला आणि त्याच्या हातात नीट टेकवून दिला.

"पानी पी. उन्हाचा आलास."

तो प्यायला. रिकामा तांब्या परत घेताना ती म्हणाली, "कोळसा मी आता चौक गावाला घालीन. तुज्या आंगनात पाय नाय ठेवनार."

"बरं," भिवाजी म्हणाला.

परतताना उतार आला. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. एका दगडाला पाय अडखळून तो पडता पडता राहिला. बायजा पुढं चालत होती. ती थांबली, पण मागं वळली नाही. थोड्या वेळानं तिच्या खांद्यावर त्याचा हात आला.

ती तशीच पुढं निघाली, जरा हळू. वाट संपली आणि हमरस्ता लागला. लष्करी लॉऱ्यांची रांग घाटाकडे चालली होती. पलीकडे चहाच्या दुकानात ओळखीची माणसं बसली होती, आणि बोलता बोलता ती या दोघांकडे बघत राहिली. आता तो हात काढून घेईल, असं बायजाला वाटलं.

लॉऱ्या गेल्या. "चल," भिवाजी म्हणाला, आणि खांद्यावरचा हात तसाच ठेवून तो तिच्या मागोमाग रस्ता ओलांडू लागला.