केशरबाईची सही

सोमवारी सकाळी अकराला बसवलेली केशरबाई मंगळवारी संध्याकाळीही त्याच बाकावर होती, आणि तिचं डोकं तव्यासारखं तापलं होतं.

"मला अटक केलीय का?" तिने दहाव्यांदा विचारलं.

"नाही हो बाई. चौकशीला बोलावलंय फक्त," कर तपासणीचा साहेब मान वर न करता म्हणाला.

"मंग मी जाते घरी. मालक ऊसतोडीला गेलेत, गाई उपाशी हायेत माझ्या."

"जाता येणार नाही."

अटक नाही आणि जाताही येत नाही! फोन काढून घेतलेला, मोरीला गेली तरी शिपाईण मागे. याला काय पाहुणचार म्हणायचं?

केशरबाई गावच्या महिला दूध संस्थेची चेअरमन. दुष्काळात गाव टँकरवर आलेलं, संस्थेचं दूध दोन कॅनवर, आणि त्याच संस्थेने म्हणे कोट्यवधींच्या लोखंडी सळया विकल्या! सगळी बिलं खोटी, कर बुडवलेला, आणि प्रत्येक बिलावर तिची सही. सही मात्र खरी होती. चेअरमन ती नावाला. संस्था चालवायचे सुंदरराव. त्यांचा माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन थेट चुलीपुढे यायचा, ती पिठाचा हात पुसून सह्या ठोकायची. बाई चेअरमन असली की सह्या अशाच होतात. सातवी शिकूनही एक ओळ वाचली नाही, याचा तिला सुंदररावांइतकाच स्वतःचाही संताप आला.

बुधवारी दुपारी साहेबाने कागद पुढे सरकवला. "सही करा."

ती वाचायला बसली. साहेब घड्याळ बघू लागला. कागदावर होतं, 'अटक: बुधवार, दुपारी चार.'

"सोमवार कुटं गेला, साहेब? मंगळवार कुनी खाल्ला?"

"अटक आत्ता झाली. तोवर तुम्ही ताब्यात नव्हता."

"मंग काय म्हायेराला आल्ते का मी?"

तिने सही केली आणि खाली लिहिलं, 'सोमवारी अकरापासून इथंच हाये. जाऊ दिलं नाही.'

गुरुवारी कोर्टात तिचे वकील पंडित यांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, जाण्याची मुभा संपली तेव्हाच कोठडी सुरू झाली. तिथून चोवीस तासांत बाईंना कोर्टापुढे आणायला हवं होतं. सरकारी वकील म्हणाले, मोजायचं ते कागदावरच्या अटकेपासून.

न्यायाधीशांनी साहेबाला विचारलं, "सोमवारी संध्याकाळी या उठून घरी जाऊ शकल्या असत्या?"

साहेब फाईल चाळू लागला. जामीन मंजूर झाला. अट एकच, सातबाऱ्यासह एक जामीनदार हवा.

गावातल्या बहुतेक सातबाऱ्यांवर बँकेचा बोजा. कोरा होता तो सुंदररावांचा, आणि ते तो घेऊन कोर्टाच्या दारातच उभे होते.

"मी हाय की जामीन. घाबरती कावून?" सातबाऱ्याखालून त्यांनी दुसरा कागद काढला. "एवढी सही कर. नेहमीसारखी."

तिने वाचलं. 'खोटी बिलं मीच बनवली. सुंदररावांचा काही संबंध नाही.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस बाकावर कुजले ती मी, आणि हा माणूस अजून चुलीपुढचीच सही मागतोय!

"पेन द्या."

सुंदररावांनी हसत स्वतःचं पेन दिलं. तिने मजकुराखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे खोटं हाये. बिलं सुंदररावांची. मी न वाचता सह्या केल्या, ती माझी चूक.' सही ठोकली आणि कागद पंडित वकिलांच्या हातात दिला.

"केशर! जेलात सडशील!"

"सडते. वकीलसाहेब, शेजारच्या छबुबाईला सांगा, दुसरा जामीनदार मिळंस्तोवर माझ्या गाईंची धार काढ म्हनावं."

मग ती शिपाईणीकडे वळली. "चला बाई. आन् वेळ लिवा. पावणेदोन."