गप्प बसवलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून ऐटीत घरभर वारा घालणारा नव्हे. मी तळहाताएवढा, कॉम्प्युटरच्या पेटीत प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला. हा प्रोसेसर म्हणजे घरातला मोठा शहाणा. आकडेमोड त्याची, कौतुकही त्याचंच. पण जरा विचार करायला लागला की तापतो, आणि मग त्याला वारा घालायला मी. ज्याला स्वतःचं डोकं थंड ठेवता येत नाही तो कसला हुशार, हे मला अजून कळलेलं नाही.

कारखान्यात मला सात पाती आणि चार स्क्रू मिळाले. शाबासकी मात्र आयुष्यात एकदाच मिळाली. दुकानदार म्हणाला होता, "चालू आहे की बंद, कळतसुद्धा नाही." आमच्यात यालाच कौतुक म्हणतात.

मग मी बाईंच्या घरी आलो. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी डोळ्यांनी अधू होती. तिच्या परीक्षेसाठी बाई इतिहासाचं आख्खं पुस्तक मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होत्या. काम चांगलं, पण आमची पेटी कपाट आणि पडदा यांच्या बेचक्यात कोंबलेली. बाई ती रोज फडक्याने पुसत. वरून! आत सहा वर्षांची धूळ साचून तिचा जाड थर झाला होता. त्यातून वारा जाईना, म्हणून मी आणखी जोरात फिरू लागलो. साहजिकच घुरघुरू लागलो. प्रत्येक धड्यामागे माझा आवाज येऊ लागला.

तेव्हा जावईबापू अवतरले. हे कुठल्याशा कचेरीत साहेब आहेत आणि त्यांना सगळंच येतं.

"एवढंच ना, आई? दोन मिनिटांचं काम!"

"अहो, आधी उघडून तरी बघा," लेक म्हणाली.

"उघडायचं काय त्यात?"

बाईंनी चाळीस वर्षं भल्याभल्यांचे कान पिळले, पण जावयापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. "राहू दे गं, त्यांना कळतं," म्हणून त्या चहा टाकायला गेल्या. साहेबांनी सेटिंगमध्ये जाऊन माझा वेग तळाला नेला आणि तिथेच बांधून टाकला. घर शांत झालं. लेक सोडून सगळे खूश.

परीक्षा पाच दिवसांवर आली होती. शेवटचा, सर्वांत लांब धडा बाईंनी एका बैठकीत वाचायला घेतला. पाऊण तास झाला. प्रोसेसर भाजून निघत होता. मला जोरात फिरायचं होतं, पण माझे पाय बांधलेले. दोन पानं उरली असताना कॉम्प्युटर फटकन बंद पडला. वाचलेलं काही साठवलेलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला आणि पुस्तक मिटलं. त्यांचा घसा बसला होता. खरं सांगतो, प्रोसेसरची मला कीव आली नाही, पण बाईंची आली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाली आली. तिने झाकण काढलं आणि सलग चार वेळा शिंकली.

"बाई, याला गप्प कशाला केलंत? हाच एकटा सांगत होता की आत वारा जात नाहीये."

तिने ब्रशने धुळीचा थर काढला, माझा वेग मोकळा सोडला, पेटी बेचक्यातून बाहेर ओढली. मी आपोआप हळू झालो. आवाज? नावाला नाही. गरम पाण्याचे घोट घेत बाईंनी दोन दिवसांत तो धडा पुन्हा वाचला, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तो त्या विद्यार्थिनीच्या हातात पडला.

रविवारी जावईबापू आले. पेटीला कान लावून म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात पाहायच्या तसं.

"तुम्ही फक्त तोंड दाबलं होतंत त्याचं. हा घ्या ब्रश. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धूळ तुम्ही काढायची."

लेक पडद्याआड जाऊन हसली.

मित्रांनो, कुणी ओरडत असेल तर त्याला गप्प करण्याआधी झाकण उघडून बघा. एवढीही तसदी नको असेल, तर तापून बंद पडल्यावर माझ्या नावाने बोटं मोडू नका. जावईबापू आता येतात, नाकाला रुमाल बांधून गुडघ्यांवर बसतात. बाई मागे उभ्या राहून सांगतात, "कोपरा राहिलाय."