घंटेवरचे वऱ्हाडी

लेकीच्या लग्नाच्या सकाळी चर्चचा रखवालदार घंटा पुसायला मनोऱ्यात चढला आणि चढला तसाच खाली आला. घंटेच्या लोलकाला मधमाश्यांचा घोसच्या घोस लटकला होता.

"तुझ्या भावाच्या माश्या आल्यात," तो बायकोला म्हणाला. "त्याला सांग, घेऊन जा म्हणावं."

बायकोचा भाऊ टेकडीवरच्या जुन्या राजवाड्यात माळी होता आणि तिथेच मधमाश्याही पाळायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या जिवापाड जपलेल्या गुलाबांना रखवालदार कोबीचे गड्डे म्हणाला होता. तेव्हापासून दोघांत अबोला.

"मी काय तुमची पोस्टमन आहे?" बायको लेकीच्या झग्याला इस्त्री करत म्हणाली. "तोंड आहे ना तुम्हाला?"

रखवालदार टेकडीकडे जाणारी जंगलातली पायवाट चढू लागला. काय बोलायचं ते मनात घोळवत होता, तोच समोरून माळी आला. अंगात लग्नाचा नवा कोट, काखेत लाकडी पेटी.

"माश्या?" माळ्याने विचारलं.

"माश्या."

एवढंच बोलून दोघे मनोऱ्यात पोचले. माळ्याने पेटी लोलकाखाली धरली आणि एक झटका दिला. घोस धपकन पेटीत पडला. उरलेल्या माश्या घोंघावल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा रखवालदाराच्या मिशीवर बसल्या.

"हलू नका दाजी. तोंड तर अजिबात उघडू नका. राणीमाशी पेटीत आहे, त्याही येतील मागोमाग." माळी कठड्यावर ऐसपैस बसला. "तोवर माझं ऐकून घ्या. त्या गुलाबाला पहिली कळी आली तेव्हा बायकोला झोपेतून उठवून दाखवायला नेलं होतं मी. आणि तुम्ही कोबी म्हणालात."

रखवालदाराला मानही वळवता येईना. समोरच्या झरोक्यातून खालची कौलारू घरं दिसत होती, पलीकडच्या दुसऱ्या चर्चचा दगडी कळस, तळं आणि त्यामागे टेकडीवर हिरव्या घुमटाचा राजवाडा. वर्षभर त्याने मुद्दाम तिकडे पाहिलं नव्हतं. घुमटाखालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत लालभडक ताटवा पसरला होता.

शेवटची माशी मिशीवरून उडून पेटीत गेली.

"छान आहेत," रखवालदार म्हणाला.

"माश्या?"

"गुलाब हो, मेहुणे."

माळी इतका हसला की मांडीवरची पेटी हिंदकळली.

तेवढ्यात खालून बायकोची हाक आली, "अहो, नवरी दारात उभी आहे. बाप कुठाय?"

रखवालदाराने घंटेचा दोर मेहुण्याच्या हातात कोंबला आणि धावत खाली गेला. लेकीचा हात हातात घेतला, तशी घंटा घणघणली. थांबायचं कधी ते मामाला कुणी सांगितलंच नव्हतं. पाद्रीबाबा पुस्तक उघडून थांबले, पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. नवरीला हसू आवरेना.

"बाबा, मामाला थांबवा ना."

"वाजवू दे गं," बाप म्हणाला. "वर्षभराचं साठलंय."