पहिला वाडगा

"भांडण होतं तेव्हा घरात कोण असतं?" मी विचारलं.

टेबलावर तपकिरी कुत्रा आडवा पडला होता. तोंड पट्टीने बांधलेलं, डावा कान दोन ठिकाणी फाटलेला. त्याचे पाय धरून उभ्या असलेल्या शिक्षिकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे.

"तशी मीच असते," बाई म्हणाल्या. "हे एकटे असतात तेव्हा दोघं अंगाला अंग लावून झोपतात म्हणे."

"मग बाई, टाके याला घालतोय, पण दुखणं तुमचं आहे."

जनावरांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, केस कापायचे, डॉक्टरांनी भूल दिली की टाके घालायचे. औषधं डॉक्टर सांगायचे आणि घरी काय करायचं ते मी सांगायचो. एका घरात दोन कुत्रे असले की त्यांच्यात वरचा कोण आणि खालचा कोण ते तेच ठरवतात. वय, जात, घरात आधी कोण आला, काही बघत नाहीत. एकदा ठरलं की शांतता. आपण फक्त त्यांचं ऐकायचं. वरच्याला आधी वाडगा, आधी पट्टा, दारातून आधी तो बाहेर, हाकसुद्धा आधी त्यालाच. आणि हरलेल्याची कीव करायची नाही, निदान जिंकलेल्याच्या देखत तरी नाही. कीव केली की त्याला वाटतं मालक आपल्या बाजूचा आहे. तो पुन्हा अंगावर जातो आणि पुन्हा मार खातो. तुम्ही मायेने पाठीवरून हात फिरवता आणि तिकडे त्याचा कान फाटतो.

लोक नाक मुरडायचे. आमची गोष्ट वेगळी आहे काका, असं प्रत्येकाने मला सांगितलं आहे. महिन्याभराने तेच लोक नखं कापायला यायचे आणि हळूच सांगायचे की तुमचं बरोबर होतं. मग माझी छाती जरा पुढे यायची, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरीही दोन कुत्रे. थोरला दाजी. पिल्लू असताना आणला त्या दिवशीच तो घरातल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवर चढून बसला आणि आता माझ्यासाठी काय आणताय अशा तोऱ्यात बघायला लागला. पहिल्यांदा घरी आलेल्या जावयासारखा. बायको म्हणाली, हे तर दाजी आले. तेच नाव पडलं. अकरा वर्षं झाली त्याला. धाकटा टिकल्या. कपाळावर पांढरा ठिपका. दवाखान्याच्या फाटकाशी कुणीतरी खोक्यात घालून सोडून गेलं होतं. मीच उचलून आणला, तीन वर्षांपूर्वी.

वर्षभरात टिकल्या छातीने भरला आणि एका संध्याकाळी दारातून आधी कोण जाणार यावरून त्याने दाजीला खाली पाडला. मानेवर दात नुसते टेकवले होते, रुतवले नव्हते. दुसऱ्याच्या घरी असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, बघा, निकाल लागला, आता वाडग्यांचा क्रम बदला. माझ्या घरी मी काय केलं? टिकल्याच्या पाठीत चप्पल घातली आणि दाजीला मांडीवर घेऊन बसलो. तेव्हापासून रोज दाजीला आधी. वाडगा आधी, पट्टा आधी, हाक आधी. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी दाजीच्या अंगावर नवा ओरखडा. मी तो आयोडीनने पुसायचो आणि टिकल्याला कृतघ्न म्हणायचो.

मागून आलेल्याने पुढच्याला ढकललेलं मला कधीच बघवलं नाही. आमच्या मुलींचंही असंच झालं. थोरली अभ्यासात जेमतेम, धाकटी हुशार. दोन वर्षांनी लहान असून थोरलीची गणितं ती सोडवून द्यायची. निकालाच्या दिवशी धाकटी उड्या मारत यायची तेव्हा मी आधी थोरलीला जवळ घ्यायचो, तिचे पंचावन्न टक्के कसे कष्टाचे आहेत ते सांगायचो, आणि धाकटीला म्हणायचो, फार हवेत जाऊ नकोस. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की दोघींची जुंपायची. मी थोरलीची बाजू घ्यायचो. कुणीतरी घ्यायला नको का?

दोघींची लग्नं होऊन याच शहरात संसार झाले, पण सहा वर्षं झाली, एकमेकींचं तोंड बघत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. थोरली रविवारी यायची आणि तासभर धाकटीच्या कागाळ्या सांगायची. धाकटी वर्षातून दोनदा. खुर्चीच्या कडेला टेकायची, मी थोरलीचा विषय काढला की पर्स उचलायची. मला वाटायचं, शिकली आणि शेफारली.

अडीच महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो. डॉक्टर चार शब्द बोलले, सगळ्यांनी मिळून एक छत्री दिली, आणि सोमवारपासून मी घरी. पहिल्या आठवड्यात तीन भांडणं झाली. मला वाटलं, टिकल्या आता डोक्यावर बसायला लागलाय. शनिवारी दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात एकमेकांना भिडले. सोडवायला बायको मध्ये पडली आणि तिच्या मनगटात दात गेले. कुणाचे, ते दोघांनाही कळलं नसेल.

नळाखाली तिचा हात धरून मी जखम धुवत होतो. एकतीस वर्षं हेच केलेलं, पण तिचा हात हातात घेतल्यावर धुतलेलीच जखम मी पुन्हा धुवायला लागलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मी ड्यूटीवर असायचो तेव्हा कोण सोडवायचं यांना?"

तिने नळ बंद केला.

"तुम्ही ड्यूटीवर असताना भांडायचं कोण?"

मी कपाटातून पट्टी काढली. तिने पट्टीसाठी हात पुढे केला आणि ज्या आवाजात दूधवाल्याचं सांगते त्याच आवाजात सांगितलं की टिकल्याने दाजीला पाडलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती टिकल्याला आधी देते. दाजी दाराशी पायपुसण्यावर बसून राहतो, त्याची पाळी आली की उठतो. दुपारी दोघं पलंगाखाली झोपतात. दोन वर्षांत एकदाही दात लागलेले नाहीत.

"दाजीनं कधीच मान्य केलंय," ती म्हणाली. "तुम्हीच केलं नाहीत. पोरींच्या वेळीसुद्धा..."

मी पट्टीची गाठ मारली.

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणून निघालो आणि इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्यावर आमच्या खिडकीशी उभा राहिलो. तो जिना आमच्या मजल्यावरून वर जातो तिथे, पायरीवरून बंद काचेतून आत दिसतं. बायकोने टिकल्यापुढे वाडगा ठेवला. दाजी पायपुसण्यावर बसला होता, पुढचे पाय एकावर एक टाकून. मग त्याचा वाडगा आला. तो उठला, आळस दिला, जेवला. खाऊन झाल्यावर टिकल्या आपला वाडगा सोडून त्याच्याकडे गेला आणि त्याचं तोंड चाटलं. दाजीने डोळे मिटून चाटू दिलं. मी त्याच्या चेहऱ्यावर अपमान शोधत होतो. तो कुठे नव्हता. म्हाताऱ्याला हायसं वाटलेलं दिसत होतं. मला राग आला. कुणाचा, ते सांगायला लाज वाटते. दाजीचा आला. ज्याच्यासाठी मी दोन वर्षं भांडलो तो माझ्या पाठीमागे सुखाने दुसरा होऊन बसला होता.

तरी सकाळी मी ठरवून उठलो. जे लोकांना सांगितलं ते आता आपण करायचं. दोन्ही वाडगे घेतले आणि पहिला टिकल्यापुढे ठेवला. हात टिकल्याकडे गेला, डोळे मात्र दाजीकडे गेले. बाबा रे, वाईट वाटून घेऊ नकोस, एवढंच होतं त्या बघण्यात. दाजीला तेवढं पुरलं. तो उठला, मानेवरचे केस उभे, आणि माझ्या पायांमधून टिकल्याच्या वाडग्यावर गेला.

या वेळी दाजीचा खांदा उघडला, हाड दिसेपर्यंत. मी त्याला चादरीत गुंडाळून माझ्याच दवाखान्यात नेला. माझ्या जागी आता ज्या बाई आहेत त्यांना मीच शिकवलेलं. त्यांचे टाके माझ्यापेक्षा बारीक येतात. मी पाय धरून उभा राहिलो, जिथे लोक उभे राहतात तिथे. टाके घालता घालता त्यांनी मान वर न करता विचारलं, "काका, भांडण होतं तेव्हा घरात कोण असतं?" सवयीने विचारलं असणार. मग आपण कुणाला विचारतो आहोत ते लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"मी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी हात धुताना सांगितलं की अकरा वर्षांच्या कुत्र्याला पुन्हा भूल देण्याची त्यांची हिंमत होणार नाही. पुन्हा असं झालं तर शिवता येणार नाही. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, दोघांतल्या एकाला कुठेतरी देऊन टाकू.

"त्यांना का? त्यांचं काय चुकलंय?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुम्हीच त्यांच्या वेळेला बाहेर जात जा. सकाळी एक तास, संध्याकाळी पाच ते सात."

"जेवायला त्यांना दहा मिनिटं लागतात."

"जेवल्यावर जरा निजू द्या की त्यांना."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. तिने फक्त हिशेबात न बसणारी वस्तू बाजूला काढून ठेवावी तसं मला बाजूला काढलं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी बाहेर पडतो. पाण्याच्या टाकीशेजारी बाग आहे, तिथे चार बाक आहेत. पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या कारकुनाने हटकलं, "काय काका, अजून ड्यूटी संपली नाही वाटतं?" मी म्हणालो, अर्धा वेळ ठेवून घेतलंय मला, अनुभवी माणूस लागतो. तो बिचारा खूष झाला. आता तो रोज सकाळी मला ड्यूटीच्या शुभेच्छा देतो आणि मी त्या घेतो.

घरात असलो की दोघांपैकी कुणालाच हाक मारत नाही. दाजी जवळ आला की पेपर वर धरतो. दोन महिन्यांत त्याच्या खांद्यावर केस आले, अंगावर नवा ओरखडा नाही. त्याला जिवंत ठेवायचं तर त्याच्याकडे बघायचं नाही, एवढं मी शिकलो. अकरा वर्षं माझ्या पायाशी झोपणारं जनावर आता बायकोच्या पायाशी झोपतं. रोज वाईट वाटतं, सवय वगैरे काही होत नाही.

काल संध्याकाळी बागेत बाकांना रंग दिला होता. चारही ओले. थोडा वेळ उभा राहिलो, गुडघे बोलायला लागले तसा परत फिरलो. सात वाजायला पस्तीस मिनिटं होती.

दाराबाहेर बायकांच्या चपलांचे दोन जोड होते. एक थोरलीचा. तिच्या उजव्या टाचेची बाहेरची कड झिजते, लहानपणापासून. दुसरा धाकटीचा, दर वेळी ती तो भिंतीला लावून नीट ठेवते, पाहुणीसारखा. काल तो नीट ठेवलेला नव्हता. चारी चपला एकमेकींत अडकून पडल्या होत्या. शाळेतून आल्यावर दोघी दप्तरांसकट आत धावायच्या, तेव्हा पडायच्या तशा.

आतून हसण्याचा आवाज आला. थोरली काहीतरी सांगत होती, बहुतेक तिच्या सासूचं, आणि धाकटी मध्येच तिचं वाक्य पुरं करत होती. मग दोघी एकदम हसल्या आणि त्यांच्यात बायकोचंही हसू होतं. तिला असं हसताना मी कधी ऐकलं होतं ते आठवेना.

त्या काल पहिल्यांदा भेटत नव्हत्या. एकमेकींना एवढं ठाऊक असलेल्या बायका सहा वर्षांनी भेटलेल्या नसतात. मी दवाखान्यात लोकांना शहाणपण शिकवत होतो त्या सगळ्या संध्याकाळी त्या इथे येत असणार. आणि रविवारच्या त्या कागाळ्या? मला ऐकायला आवडतात म्हणून थोरली सांगत असेल. आनंद व्हायला हवा होता. माझ्या मुली एकमेकींना धरून आहेत, बापाला आणखी काय हवं असतं? मला आनंद झाला नाही. कुणीतरी छातीवर गुडघा ठेवावा तसं झालं.

हात घंटीकडे गेला. तेवढ्यात आत दाजी गुरगुरला. त्याला माझा वास लागला होता. मागोमाग टिकल्या, जाड आवाजात. हसणं थांबलं.

"काय झालं रे दाजी?" धाकटी म्हणाली. तिच्या आवाजातून हसू एवढ्यातच गेलं होतं.

दार उघडलं की काय होणार ते मला दिसत होतं. थोरलीच्या चेहऱ्यावर रविवारची तक्रार येईल, धाकटी पर्स उचलेल, आणि दाजी उठून उभा राहील.

मी हात खाली घेतला. कठड्याला धरून, पावलांचा आवाज न करता, तिरका तिरका जिना उतरलो. खालच्या वळणावर थांबून कान दिला. गुरगुर थांबली होती. थोड्या वेळाने थोरलीचा आवाज आला, मग धाकटीचा.

मी रस्त्यावर आलो. कारकून पिशवी घेऊन घरी येत होता. त्याने विचारलं, "सुटलात का काका?"

"नाही," मी म्हणालो, "सातला सुटतो," आणि बागेच्या दिशेने चालायला लागलो.